अदृश्य कारखान्याचीं चार चित्रें

ज्या धंद्यांत एखाद्या समाजाचीं हजारों मुलें शिरतात, त्या धंद्याचें यथार्थ चित्र त्या समाजाच्या वाचनांत असावें, ही अपेक्षा कोणासही वावगी वाटणार नाहीं. शेतकरी, शिक्षक, वकील, कारकून, गिरणीकामगार यांच्या जिण्याशीं मराठी वाचकाचा परिचय आहे. कारण त्यांचें काम डोळ्यांना दिसतें, व दिसतें म्हणूनच तें लेखणींतही उतरतें. परंतु ‘आमचा मुलगा सॉफ्टवेअरमध्यें आहे’ किंवा ‘सूनबाई आयटींत आहेत’ असें सांगणाऱ्या घरीं ‘म्हणजे दिवसभर करावयाचें काय असतें?’ असें विचारून पाहावें. उत्तर मिळतें तें बहुधा कंपनीच्या नांवाचें, गांवाचें व पगाराचें. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही संस्था मुंबईंत १९६८ सालीं निघाली आणि इन्फोसिसची स्थापना १९८१ सालीं पुण्यांत झाली. म्हणजे हा धंदा आपल्याकडे कालपरवांचा नाहीं. दोन पिढ्यांची मीठभाकर त्यावर चालली आहे. तरीही घरांतल्या माणसांस तो अजून परकाच आहे.

अशा स्थितींत, या धंद्याची जेथें वाढ झाली त्या अमेरिकेंत त्याजविषयीं काय लिहिलें गेलें, हें पाहणें उपयोगाचें होईल असें आम्हांस वाटतें. त्यासाठीं आम्हीं चार इंग्रजी ग्रंथ निवडले आहेत. एक काम हांकणाऱ्याचा, एक वार्ताहराचा, एक कादंबरीकाराचा आणि एक कंपनीच्या प्रमुखाचा. पहिल्याचा संबंध आय.बी.एम. कंपनीशीं आहे, उरलेल्या तिघांचा मायक्रोसॉफ्टशीं. चौघांसही आम्ही एकच प्रश्न विचारणार आहों : प्रचंड संस्थेंत हें काम करणाऱ्या माणसाचा दिवस कसा जातो, आणि त्या दिवसांतून त्याच्या पदरांत पगाराखेरीज काय पडतें?

पहिला ग्रंथ फ्रेडरिक ब्रुक्स यांचा ‘द मिथिकल मॅन-मंथ’ (१९७५). आय.बी.एम. कंपनीनें १९६४ सालीं ‘सिस्टिम/३६०’ या नांवाचें संगणकांचें एक कुटुंबच जाहीर केलें. त्यावर चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे यंत्राचा सर्व कारभार पाहणारा मूळ प्रोग्रॅम, तयार करवून घेण्याचें काम ब्रुक्स यांजकडे होतें. तें काम लांबलें व खर्चही वाढला. पुढें ब्रुक्स नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांत अध्यापक झाले. प्रोग्रॅमचें काम हांकणें इतकें कठीण कां, असें कंपनीच्या अध्यक्षांनीं त्यांस विचारलें होतें. त्या प्रश्नाचें उशिरानें दिलेलें उत्तर म्हणून त्यांनीं हा ग्रंथ लिहिला.

ग्रंथाच्या नांवांतच त्याचें सार आहे. कंत्राटदार कामाचा अंदाज ‘माणूस-महिना’ या मापानें करतो : दहा माणसांचें बारा महिन्यांचें काम म्हणजे वीस माणसांचें सहा महिन्यांचें. ज्वारीच्या कापणीस हा हिशेब लागू पडतो, कारण शेजारची पात धरलेल्या माणसाशीं बोलण्याचें कापणाऱ्यास कारण पडत नाहीं. प्रोग्रॅमचे तुकडे मात्र एकमेकांत गुंतलेले असतात. म्हणून ते लिहिणाऱ्या माणसांसही एकमेकांत गुंतावें लागतें. ५ माणसांत अशा जोड्या १० होतात, १० माणसांत ४५, आणि ५० माणसांत १,२२५! उशीर झालेल्या कामावर नवीं माणसें घातलीं तर तें आणखी लांबतें, हा ब्रुक्स यांचा प्रसिद्ध सिद्धान्त येथून निघतो. कारण नव्यांस शिकविण्यांत जुन्यांचा वेळ जातो, आणि जोड्या वाढतात त्या वेगळ्याच.

त्यांचा दुसरा हिशेब आमच्या प्रश्नाला थेट भिडतो. त्यांच्या अनुभवानें एकंदर वेळाचा एक तृतीयांश आंखणींत जातो, निम्मा वेळ तपासणींत जातो, आणि प्रत्यक्ष प्रोग्रॅम लिहिण्यास उरतो तो केवळ एक षष्ठांश. मुलगा रात्रंदिवस यंत्रासमोर कांहीं तरी टाइप करीत बसलेला असतो, अशी जी घरच्यांची समजूत असते तिचा येथें पुरता निरास होतो. त्याचा बहुतेक दिवस दुसऱ्यानें लिहिलेलें वाचण्यांत, आपण लिहिलेलें कां चालत नाहीं हें शोधण्यांत, आणि आपणास जें अभिप्रेत आहे तेंच पलीकडच्यास समजलें आहे कीं नाहीं याची खात्री करून घेण्यांत जात असला पाहिजे. हा धंदा गणिताचा म्हणून ओळखला जातो; ब्रुक्स वाचल्यावर तो निम्म्याहून अधिक भाषेचा आहे असें दिसून येतें.

या कामांतील सुखदुःखांची त्यांनीं केलेली मांडणी ग्रंथांतील सर्वांत वाचनीय भाग होय. नवी वस्तु घडविण्याचा आनंद, ती दुसऱ्याच्या उपयोगी पडल्याचें समाधान, नित्य नवें शिकण्याची गोडी आणि निव्वळ विचारांतून इमारत उभी करण्याची मौज, हीं सुखें. तर एका चिन्हाचीही चूक खपत नाहीं, ध्येय दुसरा ठरवितो, दुसऱ्याच्या सदोष कामावर आपलें काम उभें करावें लागतें, आणि इतकें करून वस्तु हातीं येते तों ती जुनी झालेली असते, हीं दुःखें. एवढा समतोल पुढच्या तिन्ही ग्रंथांत आम्हांस आढळला नाहीं.

तथापि ब्रुक्स यांचा ग्रंथ खुर्चींत बसून लिहिलेला आहे, हें विसरतां कामा नये. संपूर्ण रचनेंत एकाच बुद्धीचा ठसा असावा, म्हणून आराखडा थोड्यांनीं करावा व बांधकाम पुष्कळांनीं, असें ते म्हणतात. आणि ही सरदारशाही झाली, हा आक्षेप स्वतःच उपस्थित करून बांधकामांतही प्रतिभेला वाव असतो असें उत्तर देतात. उत्तर खोटें नाहीं, पण तें आराखडा करणाऱ्याच्या तोंडचें आहे. रीम्स येथील भव्य चर्चचा दाखला ते आदरानें देतात : अनेक पिढ्यांच्या कारागिरांनीं आपल्या कल्पना बाजूस ठेवून मूळ रचनेची एकरूपता राखली. त्या कारागिरांस काय वाटलें असेल, हें त्यांनींही विचारलें नाहीं व इतिहासानेंही नोंदलें नाहीं.

तें नोंदण्याचा प्रयत्न दुसऱ्या ग्रंथांत आहे. जी. पास्कल झॅकरी या वार्ताहराचा ‘शोस्टॉपर!’ (१९९४) हा ग्रंथ मायक्रोसॉफ्टनें ‘विंडोज एन.टी.’ कशी तयार केली त्याची हकीकत सांगतो. डिजिटल इक्विपमेंट ही कंपनी सोडून डेव्हिड कटलर १९८८ सालीं मायक्रोसॉफ्टमध्यें आले, आणि जुलै १९९३ मध्यें हें काम विक्रीस निघालें. मधल्या पांच वर्षांत मूठभर माणसांची तुकडी दोनशेंच्या वर गेली. ‘शोस्टॉपर’ म्हणजे असा दोष कीं जो काढल्यावांचून माल बाहेर जाऊं शकत नाहीं.

झॅकरी यांचें सामर्थ्य तपशिलांत आहे. सर्वांनीं लिहिलेले तुकडे रोजच्या रोज एकत्र करून संपूर्ण प्रोग्रॅम बांधावयाचा, ही तेथील रीत त्यांनीं फार चांगली दाखविली आहे. ज्याच्या तुकड्यामुळें त्या दिवसाचें बांधकाम मोडेल त्याची सर्वांसमोर शोभा होते. शिवाय अर्धवट झालेली ही सिस्टिम तुकडीनें स्वतःच्या रोजच्या कामास वापरलीच पाहिजे, असा कटलर यांचा दंडक होता; म्हणजे आपण शिजविलेलें आधीं आपणच खावें. ब्रुक्स यांच्या ग्रंथांत जें सूत्ररूपानें आहे तें येथें माणसांच्या रूपानें भेटतें. पन्नास माणसांतील १,२२५ जोड्या म्हणजे कसला कल्लोळ, हें कटलर यांचा संताप व तुकडीचीं भांडणें वाचतांना कळतें.

पण या ग्रंथाबद्दल आमची एक गंभीर तक्रार आहे. रात्री कचेरींत गेल्या, मुलांचें बालपण नजरेआड झालें, संसार विसकटले, हें सर्व झॅकरी प्रामाणिकपणें सांगतात. परंतु सांगण्याचा सूर रणकथेचा आहे. ज्या लढाईंत इतके घायाळ झाले ती थोर असलीच पाहिजे, असा वाचकाचा ग्रह होतो. वास्तविक ब्रुक्स यांनीं अठरा वर्षें आधींच दाखवून दिलें होतें कीं असला हातघाईचा प्रसंग बहुधा चुकीच्या अंदाजांतून येतो. मग हा त्याग कार्याच्या थोरवीचा कीं वेळापत्रकाच्या चुकीचा? हा प्रश्न ग्रंथकारास एकदांही पडूं नये याचें आम्हांस नवल वाटतें. शौर्याच्या गोष्टी वाचून नोकरीस जाणाऱ्या तरुणानें तो अवश्य विचारावा.

तिसरा ग्रंथ कॅनडांतील लेखक डग्लस कूपलंड यांची ‘मायक्रोसर्फ्स’ (१९९५) ही कादंबरी. नांवांत कोटी आहे : ‘सर्फ’ म्हणजे जमीनदाराच्या जमिनीस बांधलेला भूदास. डॅनियल नांवाचा, प्रोग्रॅममधील दोष तपासणारा तरुण रोजनिशी लिहितो. तो व त्याचे सोबती रेडमंड येथें एका घरांत राहतात; काम, जेवण, स्वप्नें यांचा केंद्रबिंदु एकच, कंपनी. आरंभींच एक प्रसंग आहे. मायकेल नांवाच्या बुद्धिमान सोबत्यास खुद्द मालकाचें कडक पत्र येतें, आणि तो खोलीचें दार लावून घेतो. त्याची उपासमार होऊं नये म्हणून मित्र दाराच्या फटींतून आंत सरकतील असे चपटे खाद्यपदार्थ शोधून आणतात! हंसतां हंसतां वाचक थबकतो; कारण स्वतंत्र खोली, हुशार मित्र, भरपूर पगार, सर्व असून हा मुलगा एका पत्रानें कोसळतो, हें त्याच्या ध्यानांत येतें. वरिष्ठाचा शब्द हाच ज्याचा आरसा झाला त्याची ही गत होते, हें कूपलंड यांनीं कोठेंही उपदेश न करतां दाखविलें आहे.

तितकाच मार्मिक भाग डॅनियलच्या वडिलांचा. ज्या आय.बी.एम.मध्यें ब्रुक्स यांनीं आपला धडा घेतला, त्याच कंपनींतून कादंबरींतील हे गृहस्थ उतारवयांत कमी केले जातात. नोकरी गेल्यावर आपण कोण, हें त्यांस कळेनासें होतें. बाप व मुलगा दोघेही कंपनीचेच. एकास तिनें टाकलें, दुसऱ्यास अजून टाकलें नाहीं, इतकाच काय तो फरक.

दुर्दैवानें उत्तरार्धांत लेखणी सैल पडते. सर्व पात्रें प्रचंड कंपनी सोडून कॅलिफोर्नियांत स्वतःची लहान कंपनी काढतात, आणि पूर्वार्धानें उभा केलेला प्रश्न मागेंच राहतो. प्रचंड संस्थेंत राहून माणूसपण कसें टिकवावें, याचें उत्तर ‘ती सोडून’ असें दिलें तर ज्यांना सोडतां येत नाहीं त्यांनीं काय करावें? याद्या व व्यापारी नांवांची उधळणही पुढें पुढें कंटाळवाणी होते. मात्र शेवटीं, पक्षाघातानें वाचा गेलेली डॅनियलची आई संगणकाच्या साह्यानें शब्द उमटविते व तिच्याभोंवतीं सर्व जमतात, हा प्रसंग साऱ्या उणिवा भरून काढतो. ज्या यंत्रानें या मुलांस मुकें केलें होतें तेंच येथें आईची वाणी होतें.

या दोन्ही पुस्तकांच्या चौकटीबाहेर एक मोठा वर्ग राहून गेला आहे. मायक्रोसॉफ्टमध्यें कायम नोकरांच्या छातीवर निळा बिल्ला असे, तर मध्यस्थांमार्फत घेतलेल्या माणसांच्या छातीवर नारिंगी. काम बहुधा तेंच, खोलीही कधीं तीच. पण कंपनीचे समभाग सवलतीनें घेण्याचा हक्क निळ्यांस, नारिंग्यांस नाहीं. १९९२ सालीं यावर दावा लागला आणि २००० सालीं ९ कोटी ७० लाख डॉलर देण्याचें कबूल करून कंपनीनें तो मिटविला. ज्या काळाच्या रणकथा लिहिल्या गेल्या त्याच काळाची ही दुसरी बाजू होय. आपल्याकडेही ज्यांच्या घरचें कोणी परक्या कंपनीच्या कचेरींत ‘दुसऱ्याच्या पगारावर’ बसतें, त्यांस या दोन रंगांचा अर्थ फोड करून सांगावा लागणार नाहीं.

चौथा ग्रंथ सत्या नाडेला यांचा ‘हिट रिफ्रेश’ (२०१७). हैदराबादेंत जन्मलेले नाडेला १९९२ सालीं मायक्रोसॉफ्टमध्यें शिरले व फेब्रुवारी २०१४ मध्यें तिचे प्रमुख झाले. ग्रंथ दोन सहकाऱ्यांच्या साह्यानें लिहिलेला असून त्याची भाषा गुळगुळीत आहे. तरीही त्यांतील एक आठवण लक्षांत राहण्याजोगी आहे. नोकरीच्या मुलाखतींत त्यांस विचारलें गेलें, ‘रस्त्यावर एक मूल पडून रडत आहे, तुम्ही काय कराल?’ त्यांनीं उत्तर दिलें, तातडीच्या मदतीचा क्रमांक फिरवीन. मुलाखत घेणारा म्हणाला, मूल रडत असेल तर आधीं उचलून घ्यावें. पुढें जन्मतः अपंग असलेल्या पुत्राच्या संगोपनांत आपणांस या बोलण्याचा अर्थ कळला, असें ते सांगतात. हीं पानें मनापासून लिहिलेलीं आहेत, यांत संशय नाहीं.

कंपनींतील विभाग एकमेकांवर पिस्तुलें रोखून बसले आहेत, असें एक व्यंगचित्र प्रसिद्ध झालें होतें. त्याचाही ते उल्लेख करतात. या वैराचें एक मूळ ठाऊक असणें जरूर आहे. त्या कंपनींत नोव्हेंबर २०१३ पर्यंत अशी पद्धत होती कीं प्रत्येक तुकडींतील माणसांची उतरंड लावावयाची, आणि ठराविक हिस्सा उत्तम तर ठराविक हिस्सा निकृष्ट ठरवावयाचा. कर्ट आयकेनवाल्ड या वार्ताहरानें २०१२ सालीं लिहिलें कीं आपण ज्यांस ज्यांस भेटलों त्या प्रत्येक नोकरानें हीच पद्धत सर्वांत घातक म्हणून सांगितली. आम्हां अध्यापकांस हें समजणें अवघड नाहीं. वर्गांतील वीसच्या वीस मुलांनीं उत्तम पेपर लिहिले तरी दोघांना नापास केलेंच पाहिजे, असा नियम झाला तर दुसऱ्या दिवसापासून मुलें एकमेकांस वह्या देणें बंद करतील. ज्या धंद्याचा प्राण, ब्रुक्स यांनीं दाखविल्याप्रमाणें, दोन माणसांतील समजुतींत आहे, तेथें अशी उतरंड म्हणजे आपण बसलेली फांदी तोडण्यासारखेंच होय. ही पद्धत नाडेला प्रमुख होण्यापूर्वींच बंद झाली. परंतु तिच्यामागचा अविश्वास घालविण्याचें श्रेय त्यांस बऱ्याच अंशीं दिलें पाहिजे.

आमचा आक्षेप निराळा आहे. हा ग्रंथ सहानुभूतीचा आहे, पण ती वरून खालीं पाहणारी सहानुभूति आहे. मायक्रोसॉफ्टच्या नोकरांची संख्या जून २०२५ मध्यें सुमारे २ लाख २८ हजार होती. जानेवारी २०२३ मध्यें १०,००० आणि २०२५ च्या मे व जुलै महिन्यांत मिळून सुमारे १५,००० माणसें कमी करण्याचें जाहीर झालें. व्यापारांत असें करावें लागतें, हें आम्ही अमान्य करीत नाहीं. परंतु जी संस्था ध्येय, संस्कृति, आत्मशोध असे शब्द वापरून माणसाचें मन मागते, तिला पुढें केवळ हिशेबाच्या नियमानें त्यास निरोप देतांना अडचण वाटली पाहिजे. ही विसंगति नाडेला यांच्या ग्रंथांत उकललेली नाहीं. कूपलंड यांच्या कादंबरींतील बडतर्फ बापास ती अधिक नीट कळली असती.

आतां या धंद्यावर एक नवें संकट आलें आहे असें जो तो म्हणतो. आपल्या कांहीं कामांत २० ते ३० टक्के कोड यंत्रच लिहितें, असें खुद्द नाडेला यांनीं एप्रिल २०२५ मध्यें सांगितलें. यावर घरोघरीं चिंता सुरू झाली आहे, व ती निराधार नाहीं. पण येथें पन्नास वर्षांपूर्वींचा ब्रुक्स यांचा एक षष्ठांश आठवावा. लिहिणें यंत्राकडे गेलें तरी काय हवें आहे तें ठरविणें, झालेलें बरोबर आहे कीं नाहीं तें ताडून पाहणें, आणि दहा जणांचें म्हणणें एका रेषेंत आणणें, हें उरतेंच. ज्या मुलानें केवळ टंकलेखनाप्रमाणें कोड लिहावयाचें शिकून घेतलें त्यास भय आहे. ज्यानें वाचण्याची, विचारण्याची व स्पष्ट सांगण्याची संवय लावून घेतली त्यास तें कमी आहे, असें आमचें अनुमान आहे.

चारही ग्रंथ मिटल्यावर त्यांत न सांपडलेलें एक पान डोळ्यांपुढें राहतें. नवें कांहीं बांधण्याच्या गोष्टी सर्वांनीं लिहिल्या. परंतु दुसऱ्यानें दहा वर्षांपूर्वीं लिहिलेला प्रोग्रॅम चालू ठेवणाऱ्याची गोष्ट कोणी लिहिली नाहीं. रेडमंडला सकाळचे नऊ वाजतात तेव्हां आपल्याकडे, त्यांच्या उन्हाळ्यांत, रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. त्यांच्या हिवाळ्यांत साडेदहा. त्या वेळीं पुण्याच्या एखाद्या घरांत दार लोटून घेऊन कोणी मुलगी परक्या उच्चारांत बोलत असते, बाहेर तिचें ताट झांकून ठेवलेलें असतें, आणि ती कोणता दोष कोणास समजावून देत आहे याची घरांत कोणालाच कल्पना नसते. तिचें काम जमलें तर कोणासही कळत नाहीं, कारण न बंद पडणें हेंच त्याचें यश. चुकलें तर मात्र साऱ्यांस कळतें. घराघरांतील गृहिणीच्या कामाशीं याचें साम्य आहे, हें आमच्या स्त्री-वाचकांच्या लक्षांत आल्यावांचून राहणार नाहीं.

हें पान अमेरिकेंतला वार्ताहर लिहिणार नाहीं, व कंपनीचा प्रमुखही लिहिणार नाहीं. तें ज्यांनीं जगलें त्यांनींच लिहावयास हवें, आणि आपल्या भाषेंत लिहावयास हवें. तोंवर इंग्रजी वाचणाऱ्या घरांनीं ब्रुक्स यांचा ग्रंथ व कूपलंड यांचा पूर्वार्ध अवश्य वाचावा. झॅकरी यांचा ग्रंथ सावधपणें वाचावा. नाडेला यांचा, वेळ असल्यास. आणि मुलगा किंवा मुलगी सुटीला घरीं आली म्हणजे पगारवाढीची चौकशी करण्यापूर्वीं, सध्या कोणाच्या लिहिण्यावर काम चाललें आहे, त्यांत काय अडलें आहे, व तें सोडविण्यास मदत करणारें कोणी आहे कीं नाहीं, एवढें विचारावें. उत्तर सारें समजलें नाहीं तरी चालेल. आपल्या कामाविषयीं घरच्या भाषेंत चार वाक्यें बोलण्याची ज्यास संवय झाली, त्याच्या हातून पुढेंमागें तें न लिहिलेलें पान लिहिलें जाण्याचा संभव आहे.